लोणावळ्याचं घर जुलैत बघा, पाण्याचं मे महिन्यात विचारा

वाचकांचे प्रश्न : सुट्टीचं घर

सुट्टीच्या घराबद्दल येणाऱ्या पत्रांत पहिला प्रश्न दराचा असतो. आम्ही उत्तरं देताना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आहे. हे घर वर्षातले तीनशेहून जास्त दिवस बंद राहणार. तेव्हा त्याचं काय होतं, त्याकडे कोण बघतं आणि कागदोपत्री ते नक्की कुणाचं आहे, हे कळलं की दराची घासाघीस करायला जोर येतो.

प्रश्न : आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो, दोघंही नोकरी करतो. लोणावळ्यात बारा वर्षं जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचा वन बीएचके 62 लाखांना मिळतोय. हातात 28 लाख आहेत, बाकीचं कर्ज काढू. महिन्यातून एक शनिवार-रविवार आम्ही जाऊ. इतर वेळी भाड्याने दिला की हप्ता सुटतो, असं एजंट सांगतो. घ्यावा का?

एजंटचं गणित आधी कागदावर उतरवू. 62 लाखांवर मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर 3 लाख 72 हजार होतात. नोंदणी फी 1 टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा 30 हजार आहे. वकील, सर्च रिपोर्ट (जुन्या मालकी-नोंदींची तपासणी) आणि सोसायटीचं हस्तांतर यांत तीस-चाळीस हजार जातात. पलंग, गाद्या, गिझर, इन्व्हर्टर, भांडीकुंडी आणि थोडं वॉटरप्रूफिंग धरलं की साडेचार लाख सहज लागतात. म्हणजे घर तुम्हाला 71 लाखांना पडलं. बँक कर्ज ठरवताना मुद्रांक शुल्क किमतीत धरत नाही, त्यामुळे हे वरचे पैसे हातातल्या 28 लाखांतूनच जाणार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे तुमच्या व्यवहारात 62 हजार वाचतात. नावं दोघांची लावली की ही सवलत जाते.

उरलेल्या 43 लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता 37,300 च्या आसपास बसतो. वर्षाचे जवळजवळ साडेचार लाख.

आता भाडं. लोणावळ्याला मागणी असते ती शनिवार-रविवारी, जोडसुट्ट्यांना आणि पावसाळ्यात. मंगळवार-बुधवारी वन बीएचके घ्यायला फारसं कुणी येत नाही. महिन्यातला एक वीकेंड तुमचा गेला की वर्षाचे चाळीस उरतात. चाळीसही भरले असं उदारपणे धरू. दोन रात्रींप्रमाणे 80 रात्री, रात्रीला 4,500, म्हणजे 3 लाख 60 हजार. त्यातून बुकिंग आणि देखभाल बघणाऱ्याचे 25 टक्के गेले, म्हणजे 90 हजार. प्रत्येक पाहुण्यानंतरची साफसफाई आणि धुलाई 700 रुपयांनी 28 हजार. वीज, गॅस, फुटलेले कप आणि बिघडलेला गिझर यांचे 40 हजार. हातात दोन लाख राहिले, म्हणजे हप्त्याचा निम्मा भागसुद्धा नाही. हे सगळं सोसायटीने परवानगी दिली तर. म्हणून टोकन देण्याआधी सेक्रेटरींना लेखी विचारा, की रोजच्या भाड्याने पाहुणे ठेवलेले चालतात का? अनेक सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून हे बंद केलेलं असतं, आणि एजंट ते सांगत नाही.

भाड्याने दिलंच नाही तर? मेंटेनन्स महिना 3,000 धरला तर वर्षाचे 36 हजार, घरपट्टी-पाणीपट्टी सात-आठ हजार, विजेचा स्थिर आकार आणि थोडा वापर सात-आठ हजार, महिन्यातून दोनदा घर उघडून झाडणाऱ्या बाईंचे 18 हजार. रंग आणि गळतीसाठी वर्षाला 30 हजार बाजूला ठेवावेच लागतात. बेरीज एक लाख. तुम्ही वर्षाला 24 रात्री राहणार, म्हणजे एका रात्रीचा नुसता देखभाल खर्च 4,100 च्या वर गेला. एवढ्यात तिथेच बऱ्यापैकी हॉटेल मिळतं, नाश्त्यासकट. 71 लाख आणि व्याज अजून यात धरलेलंच नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत : या हिशोबाने घेऊ नका. वर्षाला पन्नास-साठ रात्री खरंच राहणार असाल, किंवा निवृत्तीनंतर तिथे जाण्याचा बेत पक्का असेल आणि कर्ज वीस लाखांच्या आत बसत असेल, तर पुन्हा विचार करा. करसवलतीच्या भरवशावरही राहू नका. स्वतःच्या वापरातली दोन घरं करमुक्त धरता येतात हे खरं, पण त्यांच्या व्याजाची वजावट दोन्ही घरं मिळून 2 लाखांपर्यंतच आहे आणि तीही जुन्या करप्रणालीत.

घ्यायचं ठरलंच, तर दोन गोष्टी विसरू नका. व्यवहार 50 लाखांच्या वरचा असल्याने विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का कर (टीडीएस) तुम्ही कापून भरायचा आहे. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही, कापायचा कर बराच जास्त असतो आणि न कापल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. अशा वेळी इसार देण्याआधी सीएंना विचारा.

प्रश्न : गळती बघण्यासाठी घर पावसाळ्यात पाहावं असं सगळे म्हणतात. पण तिथे जाऊन नेमकं काय बघायचं? (नाशिक)

सलग दोन-तीन दिवस झोडपून पाऊस झाल्यावर जा. जूनच्या पहिल्या सरीत काही कळत नाही, कारण स्लॅबमध्ये पाणी मुरून खाली उतरायला वेळ लागतो. जुलैचा दुसरा पंधरवडा उत्तम. मे महिन्यात नुकताच रंग दिलेलं घर दाखवत असतील तर सावध व्हा.

वरचा मजला असेल तर आधी गच्चीवर जा. घर नंतर. कोबा कुठे फुटलाय, पाणी कुठे तुंबलंय, पावसाच्या पाइपच्या तोंडावर जाळी आहे की पाला अडकलाय, हे बघा. कोबा आणि पॅरापेट भिंत जिथे मिळतात तिथला सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलसर भर, हाताने चाचपा. गच्चीची गळती बहुतेक वेळा मधून नाही, या कडेने सुरू होते. वाट्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी तिथून भिंतीत शिरतं आणि खालच्या खोलीच्या छताच्या कोपऱ्यात उतरतं. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिला नगरपालिकेची परवानगी आहे का, हे सोसायटीला विचारा.

मग घरात या. नैऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींवर झड येते, म्हणून त्या आधी. खिडकीच्या चौकटीखालची वीतभर जागा, बाथरूमच्या भिंतीची पाठची बाजू, स्विचबोर्डाच्या कडा आणि कपाटाच्या मागची भिंत बघा. कपाट सरकवायला सांगायला लाजू नका. बोटाच्या पेराने भिंत ठोका. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. पोपडे, पांढरी खारी पूड आणि पुट्टीचे ताजे चौकोन हे जुन्या ओलीवर टाकलेले पडदे असतात. गादी उचलून खालचा प्लायही बघा, बुरशीचा वास लपत नाही. खालच्या फ्लॅटची बेलही वाजवा. तुमच्या होऊ घातलेल्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून येत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगतील.

सोसायटीकडून तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. सुट्टीच्या घरांच्या सोसायट्यांत निम्मे मालक वर्षभर फिरकत नाहीत, थकबाकी साचते, मग आधी लिफ्ट बंद पडते आणि पाठोपाठ वॉचमन जातो. थकबाकीचा आकडा हिशोबात दिसतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) बांधकाम खर्चाच्या 0.25 टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीत, आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत जमायला हवेत. हे जमत नसतील तर गच्चीच्या मोठ्या कामाची पट्टी तुमच्या पहिल्याच वर्षात येईल. हस्तांतराच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली तर हे लक्षात ठेवा : हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात 25,000 आहे, आणि नगरपालिकांत त्यांच्या वर्गाप्रमाणे त्याहून कमी.

पावसाच्या गावात पाण्याची टंचाई असते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यात सोसायटीत किती टँकर येतात, पैसे कोण देतं आणि सुट्टीच्या गर्दीत टँकर वेळेवर मिळतो का, हे वॉचमनला विचारा. सेक्रेटरींपेक्षा त्याचं उत्तर जास्त उपयोगाचं असतं.

प्रश्न : अलिबाग तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर 5 गुंठे “फार्महाऊस प्लॉट” दाखवला. सातबाऱ्यावर नाव लागेल असं सांगतात. आम्ही शेतकरी नाही. दर अटल सेतूमुळे वाढणार म्हणून घाई करतायत. (ठाणे)

थांबा. तुमच्या चार ओळींत धोक्याच्या चार गोष्टी आहेत.

जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. नियम मोडून केलेला व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. “नाव लावून देतो” याचा अर्थ बरेचदा असा असतो, की पंचवीस-तीस जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर तुमचंही एक नाव. त्यात तुमचे पाच गुंठे कुठले, हे कुठल्याच सरकारी नकाशात नसतं. एजंटने चुन्याने आखलेल्या रेषा पहिल्याच पावसात जातात. आणि शेतजमिनीवर नियमाने फार्महाऊस बांधायचं तर किमान 0.4 हेक्टर, म्हणजे जवळपास एकर जमीन लागते. पाच गुंठ्यांवरचं फार्महाऊस हे फक्त जाहिरातीत असतं.

समुद्र पाच मिनिटांवर म्हणजे अंतर चारशे मीटरच्या आसपास. भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेलगत ना-विकास क्षेत्र असतं. 2019 च्या अधिसूचनेत ते दाट वस्तीच्या गावांसाठी 50 मीटर आणि इतरांसाठी 200 मीटर आहे. त्याच्या पुढच्या पट्ट्यातही परवानगी लागतेच. मागे खाडी असेल तर तिचाही पट्टा धरला जातो, आणि खारफुटीचं क्षेत्र मोठं असेल तर तिच्याभोवती 50 मीटर सोडावे लागतात. त्या गट नंबरावर सीआरझेड नकाशा बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मार्च 2019 मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरचा एक आलिशान बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला होता.

कागद मागायचे ते असे : गेल्या तीस वर्षांचे सातबारा आणि सगळे फेरफार, आठ-अ, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची “क” प्रत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 असेल तर विकायला सरकारी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावर जमीन महसूल संहितेत कडक बंधनं आहेत. “इतर अधिकार” हा रकाना पूर्ण वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, पुनर्वसनाचा शेरा किंवा खाजगी वन अशी नोंद तिथेच बसलेली असते. “वन” हा शब्द दिसला की व्यवहार सोडून द्या, तो दुरुस्त करून घेण्याच्या आश्वासनावर थांबू नका. शेवटी रस्ता. प्लॉटपर्यंतची वाट नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर आहे? मेहरबानी दुसऱ्या पिढीत संपते.

बिनशेती रेखांकनातला प्लॉट असेल आणि एकूण क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल, तर प्रकल्पाला महारेराची (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. नंबर मागा, संकेतस्थळावर उघडून बघा. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याची विकसकाला परवानगी नाही.

प्रश्न : नागावला तयार कौलारू बंगला बघतोय, कागद वकिलांनी तपासले. बांधकामात काय बघू? (पुणे)

खारी हवा लोखंड खाते, तेव्हा तिथून सुरुवात करा. खिडक्यांचे ग्रिल आणि गेटच्या बिजागऱ्या यांच्या सांध्यांवर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. रंगाखाली पापुद्रे निघाले तर सगळं बदलायचं आहे असं धरून किंमत बोला. नवीन घालताना पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी घ्या, आणि स्टील हवंच तर 316 दर्जाचं, कारण 304 वर समुद्राजवळ डाग पडतात. स्लॅबच्या आणि छज्ज्याच्या खालच्या बाजूला तांबूस रेषा किंवा फुगलेलं काँक्रीट दिसलं तर आतली सळई गंजली आहे. ते काम रंगाने झाकतं, बरं होत नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर जाते. ते आडोशाला बसवा आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायला सांगा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कौलं आणि पत्रे उडाले आणि विजेचे खांब आडवे झाल्याने अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून छपराचे वासे भिंतीला नुसते टेकलेत की पट्ट्यांनी आवळलेत, पत्रा असेल तर त्याला जे-हुक किती अंतरावर आहेत, आणि घरावर झुकलेला माड आहे का, हे बघा. लाकडाला वाळवी लागलीय का ते वाशांच्या टोकांशी कळतं, तिथे मातीची नळी दिसते. विमा घेताना बंद घराबद्दलची अट वाचा. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ घर बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं, अशी अट अनेक पॉलिसींत असते.

आणि मांडव्याला जाणाऱ्या गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, हे प्रवासाच्या हिशोबात धरा.

प्रश्न : पाचगणीजवळ दरीकाठचा प्लॉट स्वस्त मिळतोय. (सोलापूर)

स्वस्त का आहे ते आधी विचारा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. झाडं तोडणं, डोंगर कापणं, बोअरवेल घेणं, इमारतीची उंची, या सगळ्यांवर अटी आहेत. दरीकाठी उतार 1:5 पेक्षा जास्त भरला तर बांधकाम होत नाही. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलेल्या खोल्या इथे कामाच्या नाहीत, सक्षम नियोजन प्राधिकरणाचा मंजूर नकाशा हवा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता खचला. कड्यालगतची जमीन घ्यायची असेल तर आधी भूगर्भतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. त्याची फी प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही.

प्रश्न : गोव्यात दोन पर्याय आहेत. एक जुना फ्लॅट, मालक वारले आहेत आणि मुलगा विकतोय. दुसरा नव्या प्रकल्पातला, तीन वर्षं 8 टक्के खात्रीचा परतावा देणारा. (कोल्हापूर)

पहिल्यात मुलाची एकट्याची सही चालणार नाही. गोव्यात समान नागरी कायदा पोर्तुगीज काळापासून चालत आला आहे आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे वारलेल्या मालकाच्या पत्नीचा निम्मा हिस्सा तिचाच, उरलेला वारसांचा. विवाहित वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. वारस ठरवायला इन्व्हेंटरीची (कोर्टातून वारस आणि वाटणी ठरवण्याची) कार्यवाही किंवा विशेष नोटरींसमोरचा वारस दस्त झालाय का, ते पाहा. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत इसार देऊ नका. एक बहीण पोर्तुगालात आहे आणि तिची हरकत नाही, असं तोंडी सांगतील. हरकत नाही तर तिचं मुखत्यारपत्र दाखवा म्हणावं. स्वतंत्र घर किंवा जमीन घेत असाल तर फॉर्म एक व चौदा (गोव्याचा सातबारा), सनद (बिनशेती परवाना), प्रादेशिक आराखड्यातला विभाग आणि जमिनीवर मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आणि कायद्याने संरक्षण असलेल्या रहिवाशाचं, घर आहे का, हेही तपासा. भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने बंदी आहे.

दुसऱ्यातला परतावा बहुतेक तुमच्याच पैशातून येतो. त्याच प्रकल्पात योजनेशिवाय फ्लॅटचा दर काय, हे विचारा. समजा योजनेशिवाय 76 लाख आणि योजनेसह 90 लाख असा दर निघाला. 90 लाखांवर 8 टक्क्यांनी तीन वर्षांचे 21 लाख 60 हजार होतात, त्यातले 14 लाख तुम्ही आधीच मोजले. करार विकसकाशी आहे की काल काढलेल्या वेगळ्या कंपनीशी? परतावा थकला तर कुणाला धरायचं, मेंटेनन्स कोण भरणार, तीन वर्षांनी फर्निचर कुठल्या अवस्थेत मिळणार आणि तुम्हाला स्वतःला वर्षातल्या किती रात्री मिळणार? नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा बहुतेक करारांत मालकाला मिळत नाही. पुढे स्वतः भाड्याने द्यायचं तर पर्यटन खात्याची नोंदणी लागते, आणि परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, त्याला लोणावळ्याजवळ घर घ्यायचंय. सगळं मी करू शकते का? (सांगली)

करू शकता. अनिवासी भारतीयाला फ्लॅट किंवा बिनशेती प्लॉटवरचं घर घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि बागायत मात्र घेता येत नाही, भारतात असताना तो शेतकरी होता तरीही. पैसे त्याच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या) बँक खात्यातून यावेत, तुमच्या खात्यातून फिरवू नका, पुढे विकून रक्कम परत नेताना अडचण होते. मुखत्यारपत्र याच घरापुरतं, गट नंबर आणि फ्लॅट नंबर घालून करा. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. मुदत गेली की दुय्यम निबंधकांकडे दस्त अडकतो. त्यात ताबा घेण्याचा, सोसायटीत अर्ज करण्याचा आणि वीजमीटर नावावर करण्याचा अधिकार वेगळा लिहून घ्या, नाहीतर नोंदणी होऊनही किल्ली विकसकाकडेच राहते.